सासवड-सुप्याच्या माळावर कॅमेरा घेऊन, पावसाळा ते पावसाळा

कॅमेरा गळ्यात दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताडोबाला गेला होतात का, वाघ मिळाला का. ताडोबा सुंदरच आहे, त्यात वादच नाही. पण मला दर वेळी सांगावंसं वाटतं की अहो, पुण्यातून पहाटे निघालात आणि दिवे घाट चढून सासवडच्या पुढे गेलात तर तास-दीड तासात तुम्ही अशा माळावर पोचता जिथे लांडगा राहतो, तरस राहतो, खोकड राहतं, चिंकारा राहतो, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून उडत आलेले शिकारी पक्षी चार-पाच महिने मुक्कामाला असतात. हे सगळं शेताच्या बांधाला लागून, एसटीच्या खिडकीतून दिसेल इतक्या जवळ.

अडचण एवढीच की पहिल्यांदा गेलं की काहीच दिसत नाही. सपाट, पिवळट, मधे दोन बाभळी, एखादी बोर, लांब पुरंदरचा डोंगर, बस. म्हणूनच या जमिनीला लोक पडीक म्हणतात, आणि सरकारी नकाशांवरसुद्धा असली कितीतरी गवताळ रानं वर्षानुवर्षं पडीक जमीन याच रकान्यात टाकलेली आहेत. मला हे अजिबात पटत नाही. मी दूरच्या ट्रिपा हळूहळू कमी करत गेले आणि आता जवळपास सगळे रविवार या एकाच पट्ट्यात घालवते, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, कधी पुढे इंदापूरची कडबनवाडी, कारण एकच माळ वर्षभर बघत राहिलं की तो पडीक नाही हे फोटोतून दाखवता येतं, शब्दांनी सांगून कुणाला खरं वाटत नाही.

थोडं कारण सांगते म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर बारामती, तिथे पाचशेच्या आसपास. ढग सगळं पाणी घाटावर ओतून रिकामे होऊनच इकडे येतात. खाली काळा कातळ, त्याच्यावर वीतभर मुरमाड माती, अशा ठिकाणी मोठं झाड मुळात टिकतच नाही, गवत टिकतं. म्हणजे इथे पूर्वी घनदाट जंगल होतं आणि ते तोडून माळ झाला असं सगळीकडे नाहीये, माळ हाच इथला मूळ निसर्ग आहे. हे एकदा डोक्यात बसलं की फोटो काढायची नजर बदलते, तुम्ही झाडं शोधायचं सोडता आणि गवताकडे बघायला लागता.

तर वर्ष सुरू होतं जूनमध्ये. मे संपता संपता पावशा ओरडायला लागतो, पेरते व्हा, पेरते व्हा, दिवसभर आणि चांदण्या रात्रीसुद्धा, आणि मग मृगाचा पहिला नीट पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीवर मृगाचे किडे, ते लाल मखमली. मोबाइलला क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स लावली तरी ह्यांचे फार सुंदर फोटो येतात, फक्त सरळ जमिनीवर आडवं व्हायची तयारी पाहिजे, उभ्याने वरून काढलेला फोटो म्हणजे नुसता लाल ठिपका. पंधरा दिवसांत सगळा माळ हिरवा होतो. आणि तेव्हाच डोंबारी चंडोलाचा नर हवेत सरळ वर जाणार, पंख मिटून धपकन खाली येणार, जमीन गाठायच्या आधी पुन्हा वर उसळणार आणि प्रत्येक सूर मारताना शिट्टी. डोंबारी हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं तासन्‌तास बघून ठेवलं असणार. ह्याचा फोटो घ्यायचा तर तो कुठल्या ढेकळावर उतरतो ते आधी बघून ठेवायचं, बऱ्याचदा तो त्याच-त्याच जागी परत येतो, मग गाडीतच बसून राहायचं.

ह्याच दिवसांत माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला येते. घाटाची वळणं, भगव्या पताका, वर ढग उतरलेले, हे दृश्य दरवर्षी शेकडो कॅमेरे टिपतात आणि टिपावंच, पण मला त्याहून आवडतो तो पालखी पुढे गेल्यानंतरचा घाट. गर्दी ओसरते, डोंगर धुतल्यासारखा, आणि मस्तानी तलावावर ढगांची सावली सरकत असते. धुक्यात कॅमेरा स्वतःहून फोटो काळपट करतो कारण त्याला एवढा पांढरा उजेड म्हणजे जास्त वाटतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण ते एक स्टॉप वाढवायचं, मग धुकं धुक्यासारखं दिसतं. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच ठेवू नका हे मात्र हात जोडून सांगते. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते आणि एकदा धरली की काचेवर कायमचे डाग राहू शकतात. ड्राय कॅबिनेट महाग वाटत असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, तेवढ्यावर काम भागतं, जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरायचं.

ऑगस्टमध्ये विहिरींवर सुगरणींची धांदल. पाण्यावर झुकलेली बाभळीची फांदी, त्याला लोंबणारी अर्धवट घरटी आणि पिवळ्या डोक्याचे नर पंख फडफडवून माद्यांना बोलावतायत. घरटं विणतो नर, पसंत करते मादी, आणि अर्धं झालेलं घरटं आत जाऊन बघून तिला आवडलं नाही तर ती सरळ निघून जाते, मग तो बिचारा दुसरं सुरू करतो. ह्या एका विहिरीवर सकाळभर बसलं तरी कंटाळा येत नाही. पिल्लं असलेल्या इतर कुठल्याही घरट्याचा फोटो मी काढत नाही, सुगरणीचं एवढ्यासाठी चालतं की ती वसाहत उघड्यावर, पाण्यावर, सगळ्यांना दिसेल अशीच असते आणि आपण विहिरीच्या ह्या काठाला राहिलो तर त्यांचं काम थांबत नाही. थांबलं तर समजायचं की आपण पुढे आलोय.

सप्टेंबरात सगळे कासला जातात. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि तेरडा, सीतेची आसवं, मिकी माउस, गेंद असे गालिचे खरंच दुसरीकडे बघायला मिळत नाहीत, एकदा तरी जावं, आठवड्यातल्या मधल्या दिवशी जावं, कुंपणाच्या आत पाय टाकू नये. एवढंच. कारण त्याच आठवड्यात सुप्याकडे शेताच्या कडेनं कुर्डू फुललेला असतो, गुलाबी टोकांचे पांढरे तुरे, उलट्या उजेडात धरले की कड चमकते, आणि तिथे तुमच्याशिवाय कुणी नसतं.

उलटा उजेड हा माळाचा खरा उजेड आहे. म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी नाही, समोर, थोडा तिरका. सप्टेंबरच्या शेवटाला पवन्या, मारवेल, कुसळी सगळ्या गवतांना तुरे आलेले असतात आणि सकाळी साडेसहा ते साडेसातच्या मधे सूर्य समोर ठेवून बसलं की प्रत्येक कुसळाला उजेडाची रेघ येते. ह्या गवतात चिंकारा उभा असेल तर बघायलाच नको.

चिंकाऱ्यासाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. १९९७ साली जाहीर झालं आणि क्षेत्रफळ आहे अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातल्या छोट्यात छोट्या अभयारण्यांपैकी. लोक एक चक्कर मारून, लांबून दोन-चार चिंकारे बघून मोरगावच्या गणपतीला जातात. थांबलात तर मजा आहे. चिंकारा हरणासारखा दिसतो पण तो कुरंग, शिंगं कायमची, दरवर्षी गळत नाहीत, आणि मादीलासुद्धा बारीक शिंगं असतात. तो चरत असताना मान खाली, शेपटी सारखी हलती. तुमच्यामुळे अस्वस्थ झाला की चरणं थांबतं, मान वर, कान तुमच्याकडे, एक पाय जमिनीवर आपटतो. बरेच जण नेमकं ह्याच क्षणाला क्लिक करतात कारण तो कॅमेऱ्यात बघतोय असं वाटतं. मला तो फोटो नको असतो. इंजिन बंद करून वीस मिनिटं बसलं की तो पुन्हा चरायला लागतो, पोरांना घेऊन गाडीच्या समोरून रस्ता ओलांडतो, आणि ते फोटो बघून कळतं की हा प्राणी निवांत असताना कसा असतो.

ऑक्टोबर उकाड्याचा, फोटोसाठी मला फारसा आवडत नाही. पण ह्याच महिन्यात मेंढरं माळावर असतात. मागे एकदा सुप्याच्या पुढे एका धनगरमामांशी बोलत होते, मेंढरं पांगलेली, दोन पांढरी कुत्री सावलीला.

"मामा, लांडगा दिसतो का हो इकडं?"

"दिसतोय की. परवा रातीच दोन आलती. कुत्री भुकली मंग गेली माघारी."

"मग राग नाही येत?"

"येतो की ताई, कोकरू न्हेलं की येतोच. पर आमी दिवाळी झाली की खाली कोकनात उतरनार, मिरगाला परत. त्यो कुठं जानार? त्याचं हितंच हाय सगळं."

हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. भारतात आता लांडगे तीनेक हजारांच्या आसपास असतील असा अंदाज आहे, म्हणजे वाघांच्या आकड्याच्या जवळपासच, आणि त्यातले बहुतेक अभयारण्यांच्या बाहेर, अशाच माळांवर, मेंढपाळांच्या आसपास राहतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात तो वाघाच्याच बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत आहे. पण त्याच्या घराला कुंपण नाही, बोर्ड नाही, आणि ज्याची मेंढी जाते त्याच्या समजूतदारपणावर तो टिकून आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे माझे सगळ्यात आवडते दिवस. हॅरियर हे शिकारी पक्षी येतात, मराठीत भोवत्या. पॅलिड आणि मॉन्टेगूज ह्या दोन्ही जाती, कझाकस्तानच्या गवताळ मैदानांकडून. म्हणजे तिथलं गवत सोडून इथलं गवत. नर फिकट राखाडी, पंखांची टोकं काळी, मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. गवतावरून दोन-तीन मीटर उंचीवर, पंख किंचित वर उचलून, इकडून तिकडे डोलत जातात, टोळ, उंदीर, छोटे पक्षी शोधत. आणि संध्याकाळी सूर्य बुडता बुडता गवतात, थेट जमिनीवर, झोपायला उतरतात, बरेचसे एकाच पट्ट्यात. एवढा मोठा आकाशातला पक्षी रात्री जमिनीवर झोपतो हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गवताचं महत्त्व एकदम कळलं, कारण ते गवत कापलं, पेटवलं, नांगरलं तर ह्यांना रात्र काढायला जागाच नाही.

हॅरियरच्या फोटोचं थोडं तांत्रिक सांगते कारण बरेच जण विचारतात. शटर १/२००० च्या खाली येऊ देऊ नका, अ‍ॅपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं जे असेल ते, माझ्या १५०-६०० मिमीच्या झूम लेन्सला ते शेवटाला एफ ६.३ आहे, आयएसओ ऑटो. नर फिकट रंगाचा आणि मागे गडद गवत असेल तर कॅमेरा पक्ष्याला जळकट पांढरा करतो, म्हणून अर्धा ते पाऊण स्टॉप कमी. तोच पक्षी पांढऱ्या आकाशासमोर आला की उलटं, एक स्टॉप जास्त. हे बदल करायला वेळ मिळत नाही म्हणून मी आधीच ठरवते की आज फक्त गवताच्या पातळीवरचे फोटो, आकाशातले सोडून द्यायचे. आणि त्याच्या मागे गाडी पळवायची नाही. तो एका रेषेत शिकार करत येतो, त्या रेषेच्या पुढे जाऊन थांबायचं, तो स्वतः जवळून जातो. संध्याकाळी ते झोपायला उतरतात तिथे तर मी जवळ जातच नाही, उठवलं तर अंधारात कुठे जाणार ते.

लांडग्याबद्दल एवढंच म्हणेन की तो ठरवून मिळत नाही. थंडीत भल्या पहाटे, मेंढवाड्याच्या आसपासच्या टेकाडांवर, लांबून एक आकृती चालताना दिसते, मागे वळून बघते, पुन्हा चालते. अशा वेळी मी सहाशेवरून मागे येते आणि मुद्दाम सगळा माळ फ्रेममध्ये घेते, खाली शेत, मागे पवनचक्की किंवा विजेचे खांब, आणि मधे तो छोटासा. चेहऱ्याचा क्लोजअप सगळ्यांना आवडतो हे मला माहीत आहे, पण लांडगा कुठे राहतो, कोणासोबत राहतो हे त्या मोठ्या फ्रेममध्येच कळतं. ह्याच दिवसांत त्यांची पिल्लं बिळात असतात, त्यामुळे बिळाचा पत्ता कुणी सांगितला तरी जाऊ नका, कुणाला पुढे सांगू नका. एका गाडीनं काही होत नाही असं वाटतं, पण शनिवार-रविवार मिळून वीस गाड्या झाल्या की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, आणि दुसरीकडे म्हणजे कुठे, तर रस्त्याच्या पलीकडे. खोकडाचंही तेच, आणि जाता जाता, खोकड म्हणजे कोल्हा नव्हे, खोकड छोटं, मोठ्या कानांचं आणि शेपटीचं टोक काळं.

जानेवारीत शाळू उभा असतो, हुरडा सुरू असतो आणि भोरड्या येऊन धडकतात. गुलाबी अंग, काळं डोकं, हजारोंच्या संख्येनं. शेतकरी गोफण घेऊन माचाणावर. मला दोन्ही बाजू कळतात, दाणे जातात हे खरं आहे आणि हेच पक्षी ढिगानं टोळ-नाकतोडे खातात हेही खरं आहे. संध्याकाळी त्यांचे थवे उसावर किंवा पाणथळीजवळ झोपायला जमतात तेव्हा आकाशात जे आकार होतात ते भिगवणच्या बाजूला फार छान दिसतात. इथे मोठी लेन्स बॅगेतच ठेवा. मोबाइलनं वाइडमध्ये काढा, खाली उसाची किंवा पाण्याची पट्टी ठेवा.

भिगवणबद्दल सगळ्यांना माहीतच आहे. भीमेवर उजनी धरण १९८० साली झालं, मागे पाणी पसरलं, गावं बुडाली, आणि त्या उथळ पाण्यात पुढे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, यायला लागले. कुंभारगावचे मासेमारी करणारे लोकच आता होडीतून पक्षी दाखवतात, त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळत नाही. धरणातलं पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की रोहितांची संख्या वाढते, म्हणून जानेवारीच्या घाईपेक्षा फेब्रुवारी-मार्च बरा. होडीवाल्या दादांना आधीच सांगायचं की उडवू नका. बरेच पाहुणे नेमकं उलटं सांगतात, उडवा म्हणजे गुलाबी पंख दिसतील. तो पक्षी मान खाली घालून गाळ गाळत तासन्‌तास खातो तेव्हा कुठे त्याचं पोट भरतं, दिवसात दहा होड्यांनी दहा वेळा उडवला तर तो खाणार कधी? थांबलात तर ते आपण होऊन जागा बदलतात, पाण्यावर धावत धावत उडतात, आणि तो फोटो कुणालाही त्रास न देता मिळतो. मेमध्ये पाणी खूप खाली गेलं तर पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं, तेव्हा पुन्हा एकदा जाण्यासारखं आहे, चिखलातून वर आलेलं शिखर आणि त्याच्यावर बसलेले पाणकावळे.

मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर. फुललेलं एकच झाड निवडायचं आणि त्याच्या पूर्वेला बसायचं, सकाळी उजेड फुलांवर पडतो आणि मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, खारी, सगळे एकापाठोपाठ येत राहतात. पानं नसल्यामुळे आडवं काही येत नाही. ह्याहून सोपी पक्षी-फोटोग्राफी नाही, नवीन कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाला मी हेच सुचवते.

आणि मग उन्हाळा, ज्यात लोक कॅमेरा कपाटात ठेवून देतात. एप्रिल-मेमध्ये माळावर सकाळी साडेआठनंतर काढलेले फोटो घरी येऊन बघितले की सगळे पुसट, आणि माणूस लेन्सला दोष देतो, फोकस बिघडला म्हणून सर्व्हिस सेंटरला जातो. लेन्सचा काही दोष नसतो. जमीन तापली की तिच्या लगतची हवा तापून वर सरकते, गरम-थंड हवेच्या थरांतून येताना उजेड वाकडातिकडा होतो, आणि सहाशेच्या लेन्सला ती थरथर मोठी होऊन दिसते. कितीही महागडी लेन्स घ्या, हे जात नाही. उपाय दोनच, अंतर कमी पाहिजे किंवा वेळ लवकरची पाहिजे. शिवाय जमिनीला टेकून काढलेल्या फोटोत थरथर सगळ्यात जास्त, कारण उजेड पूर्ण वेळ तापलेल्या थरातूनच येतो, म्हणून झोपून काढायचे फोटो पहिल्या तासात उरकायचे. थंडीतही एक गंमत होते, गाडीत हीटर लावलेला असेल आणि काच खाली करून लेन्स बाहेर काढली तर खिडकीतून बाहेर जाणाऱ्या गरम हवेनंच फोटो पुसट येतात. काच आधीच उघडून ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान सारखं होऊ द्यायचं.

उन्हाळ्यातल्या पहिल्या तासात पाणवठ्यावर पखुर्ड्या नावाचे पक्षी येतात. लांबून आवाज, मग जोडी उतरते, घाईघाईनं पाणी पिते आणि जाते. नर कधी कधी पोट पाण्यात बुडवून बसलेला दिसतो, त्याच्या पोटाची पिसं पाणी शोषून धरतात आणि तो ते लांबवर पिल्लांपर्यंत नेतो. हे डोळ्यांसमोर घडताना बघणं म्हणजे काय असतं ते सांगता येत नाही. पाणवठ्यापासून लांब, गाडीतच थांबा, कारण पाण्यासाठी ते ठरावीक वेळीच येतात. उघड्या मुरमावर धाविक पक्षी असतो, माळटिटवी असते, दोघांची अंडी थेट जमिनीवर, खड्यांच्या रंगाची, दिसत नाहीत. म्हणून ह्या दिवसांत माळावर मळलेली गाडीवाट सोडून गाडी घालणं म्हणजे न बघता अंडी चिरडणं. हे मी ज्याला त्याला सांगत असते.

मेच्या शेवटी एक दिवस साताऱ्यावर चाळकेवाडीला. पवनचक्क्यांचं पठार. तिथे एका जातीच्या सरड्याचे नर दगडांवर चढून गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फुलवतात, पावसाच्या आधीचे काही आठवडे. ह्या सरड्याला शास्त्रीय नाव मिळालं ते २०१६ साली, सारडा सुपर्बा, इतकी वर्षं आपल्या दारात असून. आणि ह्याच पठारावर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पवनचक्क्या आहेत त्या भागात शिकारी पक्षी कमी झालेत, त्यामुळे सरडे जास्त झालेत आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नाहीत. फोटो काढणाऱ्याला हे सोयीचंच, सरडा छान जवळ येऊ देतो, पण तो का येऊ देतो हे कळल्यावर मी त्या फोटोखाली ते कारण लिहायला लागले, कारण पक्षी नसणं हेही त्या फोटोतच आहे.

आता जे मला रागानं लिहायचंय ते. गेल्या काही वर्षांत ह्या पट्ट्यात एनए प्लॉटचे बोर्ड, कोंबड्यांचा आणि हॉटेलांचा टाकलेला कचरा, त्यावर वाढलेली भटकी कुत्री, आणि चांगल्या हेतूनं केलेलं वृक्षारोपण, हे सगळं एकदम आलंय. वृक्षारोपणाचं ऐकून लोक चिडतात माझ्यावर. झाडं लावणं वाईट कसं? गावात लावा, रस्त्याकडेला लावा, घाटात लावा. पण ज्या माळावर हॅरियर झोपतो आणि धाविक अंडी घालतो तिथे चर खणून ओळीनं गिरिपुष्प लावलं की तो माळ त्यांच्यासाठी संपला, आणि चिंकाऱ्याला तर दूरवर दिसणारी मोकळी जागाच लागते. माळढोक पक्ष्याचं काय झालं ते सोलापूरच्या नान्नजला आपण बघितलं, १९७९ साली अभयारण्य झालं, तरी आज तिथे माळढोक दिसणं जवळपास संपलंय. चिंकारा आणि लांडगा अजून आहेत, म्हणून हे आत्ता बोलायचं.

कुत्र्यांचा विषय तर आणखी गंभीर. कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग जातात हे एक, आणि दुसरं म्हणजे संकर. पुण्याजवळच्या गवताळ पट्ट्यात काही लांडगे वेगळ्याच रंगाचे दिसायला लागले, आणि मग जनुकीय तपासणीतून लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं २०२३ साली सिद्ध झालं. हे बघा, सुरुवात झाली ती कुणीतरी नीट बघण्यापासून, रंग वेगळा आहे हे लक्षात येण्यापासून. म्हणून साधा, लांबचा, जरा पुसट फोटोसुद्धा डिलीट करू नका. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे का ते बघा, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ फाइल, ठेवा, आणि पक्षी असेल तर ईबर्डवर, बाकी काहीही असेल तर आयनॅचरलिस्टवर, ह्या निसर्गनोंदींच्या साइट्सवर टाका, तिथे लोकेशन झाकायची सोय आहे, लांडगा, तरस, खोकड, घरटी ह्यांचं लोकेशन झाकूनच टाका. इन्स्टावर टाकताना गावाचं नाव नको, नुसतं पुणे जिल्हा पुरे.

पहिल्यांदाच जाणार असाल तर कडबनवाडी आणि शिरसुफळकडे वनखात्यानं गवताळ सफारी सुरू केलीये, बुकिंग ऑनलाइन होतं, सोबत गावातलाच गाइड मिळतो. गाइडला जरूर विचारा की गवत कधी कापतात, मेंढरं कुठून येतात, पाणवठा कोण भरतं. पाणी, टोपी, आणि कुसळं मोज्यात घुसतात म्हणून पूर्ण बुटात जाईल अशी जाड पँट. हॅरियर नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नीट दिसायला लागतात, मी त्या सुमाराला सुप्याच्या बाजूला असेन, ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी खाली लिहा, फक्त एका गाडीत मावतील तेवढेच जाऊ.